जपानी लाकडी पॅव्हेलियन: छपरापासून नको, खणापासून सुरू करा

आधी प्रश्न मला नीट कळलाय ना ते बघा. मुंबईत बंदिस्त हॉल, ९ बाय १२ मीटरची जागा, प्रदर्शन चार दिवस, उभारायला अडीच दिवस, काढायला एक रात्र. क्लायंट म्हणजे एका जपानी मशिनरी कंपनीचे इथले डिस्ट्रिब्युटर, त्यांना हवंय 'जपानी मंदिरासारखं, पूर्ण लाकडी, एकही खिळा न वापरता', आणि मधोमध एक जड मशीन ठेवायचंय. हातात अकरा आठवडे. आणि तुम्ही विचारताय की छपराचा तो वर वळलेला कोपरा पाइनमधे कसा काढायचा.

कोपरा तूर्त बाजूला ठेवा. मी साधारण चौदा वर्षं एक्झिबिशनचं काम करतोय, त्यातली तीन नागोयातल्या एका छोट्या ऑफिसात गेली, आणि तिथेही पहिल्या दिवशी मी छप्परच काढायला बसलो होतो. शेजारच्या सीनियरने कागद उलटा केला आणि म्हणाला आधी खांब कुठे येतात ते सांग. तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: हॉलच्या जमिनीत एक स्क्रूसुद्धा न मारता स्वतःच्या पायावर उभं राहील, अडीच दिवसांत जुळेल आणि एका रात्रीत सुटं होईल असं लाकडी घर कसं करायचं. हा प्रश्न घेऊन जपानी सुतारकामाकडे गेलात तर ते भरभरून देतं, कारण ते मुळातच सुटं करता येणारं, कुजलेला भाग काढून नवा बसवता येणारं काम आहे. फक्त 'लूक' मागायला गेलात तर हाताला प्लायवूडचं कार्निव्हल लागतं.

हे प्रदर्शनात पहिल्यांदा घडतंय असंही नाही. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जपानने होओदेन नावाचं पॅव्हेलियन उभारलं होतं, उजी गावच्या ब्योदोइन मंदिरातल्या १०५३ सालच्या फिनिक्स हॉलवरून घेतलेलं (तोच हॉल त्यांच्या दहा येनच्या नाण्यावर आहे). त्याचे भाग जपानमधे घडवून जहाजाने नेले आणि जपानी सुतारांनी तिकडे जुळवले. म्हणजे आजच्या भाषेत फ्लॅट पॅक. आणि अलीकडचं उदाहरण २०२५ च्या ओसाका एक्स्पोमधली आर्किटेक्ट सोऊ फुजिमोतोची ती लाकडी रिंग, बाहेरचा व्यास सुमारे ६७५ मीटर, घेर दोन किलोमीटर. त्यात वळलेला कोपरा एकही नव्हता. खांब आणि खांबांतून आरपार जाणाऱ्या आडव्या पट्ट्या, एवढंच, आणि तरी ती जपानी आहे हे कुणाला सांगावं लागलं नाही. त्याहून मजेशीर १९३७ चं पॅरिसचं जपानी पॅव्हेलियन. आर्किटेक्ट जुन्झो साकाकुराने ते चक्क लोखंड आणि काच वापरून केलं आणि त्याला ग्रां प्री मिळालं. बारीक खांब, मोकळा तळ, जाळी आणि झाडीतून उताराने चढत जाणारी वाट, यात त्याने जपान पकडला होता. क्लायंट 'मंदिर मंदिर' करायला लागले की मी रिंग आणि हे पॅव्हेलियन, ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवतो, निम्मी चर्चा तिथेच संपते.

मंदिराबद्दल जरा. 'पारंपरिक जपानी' ही एक गोष्ट नाहीये. इसेचं देऊळ वेगळं (दर वीस वर्षांनी नवं बांधतात, शेवटचं २०१३ ला झालं), नाराची बौद्ध मंदिरं त्यांच्या थरावर थर रचलेल्या ब्रॅकेटसह वेगळी, चहाच्या खोलीतून आलेली नाजूक सुकिया शैली वेगळी आणि शेतकऱ्याची मिन्का वेगळी. मशीन विकायला बसलेल्या माणसाने देवळाचं छप्पर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तोरी म्हणजे देवळापुढची ती लाल कमान तर नकोच, तिच्याखाली रिसेप्शनचं टेबल ठेवणं म्हणजे आपल्याकडे दीपमाळेला विझिटिंग कार्डाचा डबा टांगण्यासारखं आहे, आणि स्टॉलवर येणारे जपानी साहेब काही बोलणार नाहीत पण बघतील नक्की. तुम्हाला मिन्का घ्या असं सांगेन. कारण मिन्कात दोमा असते, घराच्या आतली मातीची जमीन, जिथे चूल, अवजारं, जड कामं चालायची, आणि तिच्या शेजारी उचललेली लाकडी बैठक. तुमचं मशीन दोमात बसतं. हॉलच्या जमिनीवर थेट, कुठल्याही प्लॅटफॉर्मवर नाही. लोक भोवतीच्या ओसरीवरून फिरत ते बघतील. हा एक निर्णय घेतला की जड वजनाचा अर्धा त्रास आपोआप जातो.

आता खण. आपल्याकडे घर खणांत मोजायचे ना, दोन खणी, पाच खणी, तसंच तिकडे केन. एक केन म्हणजे सहा शाकू, १८१८ मिलिमीटर. गंमत म्हणजे शाकू ३०३ मिमीचा आणि आपला फूट ३०४.८ चा, त्यामुळे तुमच्या मिस्त्रीला जपानी शब्द एकही न सांगता 'सहा फुटांचा खण' म्हटलं की काम होतं. केन ज्या अक्षराने लिहितात तेच अक्षर 'मा', म्हणजे दोन गोष्टींमधली मोकळी जागा, यासाठीही आहे. त्यावर तत्त्वज्ञान भरपूर वाचायला मिळेल, मला त्यातलं एवढंच उपयोगी पडलंय की खांबापेक्षा खांबांमधली जागा आधी ठरवायची आणि मग ती कुठेही मोडायची नाही.

इथे नव्वद टक्के लोक अडखळतात, मीही अडखळलो होतो. हिशोबाला खण १.८ मीटरचा धरला तर ९ मीटर भागिले १.८ बरोबर पाच खण, वा, छान बसलं. नाही बसत. माप खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत आहे, १२० मिमीचा खांब धरला की दोन्हीकडे ६०-६० बाहेर, आणि वळचणीला तर जागाच राहिली नाही. आयोजक छप्परसुद्धा स्टॉलच्या रेघेबाहेर जाऊ देत नाहीत. म्हणून पाच नको, चार खण घ्या: ७.२ मीटर, आणि दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा खण वळचण, ०.९ अधिक ०.९, झाले बरोबर ९. पुढून मागे पाच खण ९ मीटर, पुढे-मागे ०.९ वळचण, १०.८. उरले १.२ मीटर, ते मागे सामानाची खोली, इलेक्ट्रिक पॅनल आणि टीव्हीच्या फ्रेमसाठी. टीव्ही किंवा एलईडी वॉल लाकडी सांगाड्याला टांगू नका, तिला स्वतंत्र लोखंडी फ्रेम द्या. आणि सहा फूट म्हणताना मिस्त्रीला सांगा, सहा फुटांत एक इंच एक सूत कमी. पूर्ण सहा फूट धरलेत तर एकूण ९ मीटर १४ सेंटिमीटर होतात आणि पहिल्याच सकाळी शेजारच्या स्टॉलवाल्याशी भांडण.

आतली मांडणी जुन्या पद्धतीनेच करा: मधे गाभा, म्हणजे मोया, आणि त्याच्या सगळीकडून एक खण रुंदीची पट्टी, हिसाशी. गाभा दोन बाय तीन खण, ३.६ बाय ५.४ मीटर, तिथे मशीन. (मशीन याच्यात मावतं का आणि त्याचं दार उघडायला जागा उरते का ते आजच विचारा, हे परवावर टाकू नका.) भोवतीची पट्टी जमिनीपासून १५० मिमी उचला, ही तुमची एन्गावा, आपली ओसरी म्हणा. १५० का, तर व्हीलचेअरसाठी बाराला एक उतार दिला की रॅम्प बरोबर १.८ मीटर लांब होतो, म्हणजे एका खणात संपतो. खण धरून चाललं की अशी बक्षिसं मिळत राहतात. आणि हो, मशीन आधी आत जाईल, मग लाकूड. हायड्रा क्रेनला आत यायला वाट लागते, सगळे खांब उभे झाल्यावर आठवलं तर दोन तास रडायचं.

खांब बाहेरच्या ओळीत १८, आत १०. समोरचे तीनेक काढलेत तरी पंचवीस धरा. १२० चौरस पुरेसं आहे, तिकडे साध्या घरातही १०५ किंवा १२० चेच खांब असतात. चिरलेला अख्खा ओंडका घेऊ नका, चाळीस मिमीच्या फळ्या चिकटवून केलेले घ्या, वळत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, हे हलणार का नाही. आपण सवयीने तिरका पट्टा मारतो, जपानी पद्धतीत त्याऐवजी नुकी असते: खांबात आरपार खाच, त्यातून जाणारी आडवी पट्टी, आणि पट्टी खाचेत आवळायला पाचर. बाराव्या शतकाच्या शेवटी नाराचं तोदाइजी मंदिर पुन्हा बांधताना ही पद्धत जोरात वापरली गेली, तिथला नान्दाइमोन दरवाजा ११९९ चा आहे, सुमारे २५ मीटर उंच, आणि त्याच्या खांबांतून या पट्ट्या थरावर थर आरपार गेलेल्या खालून उभं राहून दिसतात. काम कसं करते तर सांगाडा झुकायला लागला की पट्टीची वरची आणि खालची कड खाचेच्या कडांना चावते आणि झुकणं अडतं. एक जोड फार काही करत नाही. दीडशे जोड मिळून करतात. म्हणून 'दोन पट्ट्या टाकल्या, झालं' असं नाही, किमान तीन थर हवेत: एक तळाशी ओसरीखाली, दोन डोक्याच्या वर, आणि मागच्या बाजूच्या बंद खणांत मधेही दोन-तीन. पट्टी ३० बाय १२० घ्या, १२० उभी. खाच ३० ची, म्हणजे खांबाचा पाव भाग. एक तृतीयांशाच्या वर मी कधी जात नाही. दोन दिशांच्या पट्ट्या एकाच उंचीवर आणू नका, एक वर एक खाली ठेवा, नाहीतर खांबाच्या मधे काही उरतच नाही. आणि हे सगळं माझ्या शब्दावर नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून एकदा हिशोब करून घ्या, शंभर माणसं ओसरीवर चढतात आणि त्यातली दहा खांबाला टेकतात.

पाचर कुठे ठोकायची हे मात्र मी सांगतो, कारण ते मी किंमत मोजून शिकलोय. पाचर नेहमी पट्टीच्या वर, दोन्ही बाजूंनी समोरासमोर. बाजूला कधीच नाही. वर ठोकली की जोर खांबाच्या लाकडातल्या रेषांच्या दिशेने जातो, लाकूड तो आरामात घेतं. बाजूला ठोकली की ती खांबाला रेषांमधून फाडायला बघते. माझ्या पहिल्या कामात खाचा अर्धा सूत मोठ्या झाल्या होत्या आणि आमच्या एका पोराने मदत म्हणून बाजूच्या फटीत पाचर घातली, टक टक टक, आणि मग एक आवाज आला, फार मोठा नाही, सुपारी फोडल्यासारखा. खांब खाचेपासून वरपर्यंत चिरलेला. रात्री अकरा वाजता. तो खांब आम्ही दोन लोखंडी पट्ट्यांनी आवळला आणि पुढे एक कुंडी ठेवली, फोटोत ती कुंडी छान दिसते. तेव्हापासून खाच पट्टीच्या जाडीला तंतोतंत आणि उंचीला मात्र १२-१५ मिमी जास्त, म्हणजे पाचरीला जागा फक्त वरच मिळते, चूक करायची म्हटलं तरी करता येत नाही. पाचर खांबापेक्षा टणक लाकडाची, सागवान किंवा बाभूळ, रेषा लांबीत, उतार साधारण दहाला एक.

लाकूड: हिनोकी-सुगी या जपानी लाकडांच्या मागे लागू नका, अकरा आठवड्यांत झेपणार नाही. भट्टीत वाळवलेलं न्यूझीलंड पाइन चालेल, बजेट असेल तर डग्लस फर, रेषा सुंदर सरळ असतात. सागवान सांगाड्याला नको, महाग, जड आणि रंगाने लगेच वाड्यात नेतं. खरं महत्त्व ओलाव्याला आहे. मॉइश्चर मीटर विकत घ्या आणि वखारीत प्रत्येक गठ्ठ्याला टोचा, १२ टक्क्यांच्या आसपास हवं. १८ चं घेतलंत आणि वर्कशॉपमधे ते १२ वर आलं तर १२० च्या खांबात दीड-दोन मिलिमीटर कमी होतात, म्हणजे तुमच्या सगळ्या खाचा ढिल्या. आमचं एक काम तीन आठवड्यांचं होतं, पावसाळ्यात बनवलं आणि एसी हॉलमधे उभं केलं, दुसऱ्या आठवड्यात मुलं खांब हलवून कुरकुर आवाज काढायला लागली. इथे पाचर कामाला येते. रोज सकाळी हॉल उघडायच्या आधी मिस्त्री लाकडी हातोडा घेऊन एक फेरी मारायचा, प्रत्येक पाचरीला एकेक टोला, आणि आवाज घट्ट आला की पुढे. चिकटवलेल्या किंवा स्क्रूच्या जोडाला असं परत आवळता येत नाही. तुमचे चारच दिवस आहेत, जाड खांबांना काही होणार नाही, पातळ पट्ट्यांकडे मात्र दुसऱ्या दिवशी एकदा बघा.

'एकही खिळा नको' बद्दल. क्लायंटला नम्रपणे सांगा की होर्युजी या मंदिरामधेही, जी जगातली सगळ्यात जुनी टिकलेली लाकडी इमारत मानतात, घडवलेले लोखंडी खिळे आहेत. ओसाकाच्या रिंगमधेही नुकीच्या जोडीला लोखंडी भागांची मदत होतीच. मी स्वतः असं ठरवतो: जिथे लोकांची नजर आणि हात पोचतो तिथे शुद्ध लाकडी जोड, जिथे पोचत नाही तिथे, म्हणजे ओसरीखाली, बिनधास्त बोल्ट. पाट्यांवर 'खिळा नाही' असं मात्र मग लिहू नका.

ओसरीखालचं लपलेलं जग खरं तर तुमचा पाया आहे. जुन्या जपानी घरात खांब नुसता दगडावर उभा असतो, आपल्या वाड्यात तळखड्यावर असतो तसाच, वजनाने आणि वरच्या पट्ट्यांनी धरलेला. तुमचं घर हलकं आहे, जड कौलं नाहीत, म्हणून तळाशी आडव्या ओंडक्यांची चौकट करा, दोन्ही रांगा एकमेकींना बांधा आणि मधे वाळूच्या गोण्या टाका. हॉलची जमीन सपाट असते हा गैरसमज आहे, दहा मीटरमधे दीड-दोन सेंटिमीटरचा फरक मी स्वतः मोजलाय, तेव्हा चौकटीखाली फिरवून उंची बदलणारे पाय लावा आणि लेसरने लेव्हल घ्या, पहिला खांब उभा करायच्या आधी. नंतर लेव्हल दुरुस्त करायला गेलं की प्रत्येक नुकी अडते.

छपराला आता आलो. आत पाऊस नाही, ऊन नाही, मग वळचणीचं काम काय? उंची दाबणं. बाहेरून येणारा माणूस २.१ मीटरच्या खालून येतो आणि गाभ्यात पोचल्यावर डोक्यावर एकदम साडेतीन-चार मीटर मोकळं होतं, हाच तो अनुभव जो लोकांना 'काहीतरी जपानी' वाटतो पण नाव सांगता येत नाही. (तिकडची जुनी चौकट पावणेदोन मीटरच्या आसपास असते, ते माप आणू नका, दुपारपर्यंत चार कपाळं फुटतील.) छप्पर भरीव करूच नका, स्प्रिंकलरमुळे बरेच हॉल बंद छत देतच नाहीत. नुसते वासे, जवळजवळ. आणि वासे सरळ ठेवा, तो कोपरा मग आपोआप प्रश्नातून जातो. वळवायचाच असेल तर सांगतो, कोपऱ्याच्या दोन खणांत प्रत्येक वाशाची उंची आणि कोन वेगळा येतो, एकही वासा दुसऱ्यासारखा नसतो, आणि अकरा आठवड्यांतले तीन तिथेच जातात.

पैसे छपरावर न घालवता एका जागी जोड दाखवा. कासुगाईला, नागोयाजवळच, आर्किटेक्ट केन्गो कुमाची जीसी प्रोस्थो म्युझियमची इमारत आहे, २०१० ची, ६ सेंटिमीटर चौरस काठ्यांची अख्खी जाळी. ती कल्पना ताकायामाच्या चिदोरी नावाच्या खेळण्यातली, खाचा असलेल्या तीन काठ्या, शेवटची फिरवली की कुलूप बसल्यासारख्या अडकतात. त्याआधी २००७ ला मिलानमधे त्याने छोट्या काठ्यांचं पॅव्हेलियन करून बघितलं होतं. तुम्ही अख्खी जाळी करू नका, रिसेप्शनचं टेबल करा, आणि त्यावर तीन सुट्या काठ्या ठेवा. मशीन टूलवाले इंजिनिअर तिथून हलणार नाहीत, टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, हा त्यांचाच विषय.

प्रकाश हॉलच्या वरच्या दिव्यांवर सोडू नका, शोजीच्या, म्हणजे कागदी पडद्यांच्या, चौकटी मागून उजळा, उबदार पिवळसर प्रकाशाने, ३००० केल्विन. खरा कागद फायरवाले पास करत नाहीत, फायर रिटार्डंट कापड किंवा दुधी अ‍ॅक्रिलिकचं विचारून घ्या. लाकडावरच्या फायर कोटिंगने पाइन पिवळं आणि चकचकीत दिसतं, म्हणून नमुना आत्ताच करून ठेवा, शेवटच्या आठवड्यात नको.

हाताने का सीएनसीने, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटरने? खाचा साधारण दीडशे. मशीनच्या पटाशीने अर्धा तास धरला तर ७५ तास, दोन माणसांचे पाच दिवस, घाबरण्यासारखं नाही. सीएनसीने कोपरे गोल येतात, १२ मिमीच्या बिटाला ६ मिमीची गोलाई, ती पटाशीने परत चौकोनी करावीच लागते, तेव्हा दोन्ही एकत्र वापरा. वेळ मात्र राखून ठेवा ती पूर्ण जुळवणी एकदा वर्कशॉपमधे करायला. कारीगुमी म्हणतात तिकडे, तात्पुरतं जुळवून बघणं. आठव्या आठवड्यात हे झालंच पाहिजे. त्याच वेळी प्रत्येक खांबावर नंबर टाका: जपानी सुतार एका दिशेला इ-रो-हा अक्षरं आणि दुसऱ्या दिशेला आकडे लिहितात, आमच्या मिस्त्रीने ते क-ख-ग केलंय, खांबाच्या तळाला शाईने ग३, नुकीच्या टोकाला ग३-ग४, आणि अक्षराचं तोंड नेहमी दरवाजाकडे. मागच्या वेळी सांगाडा सहा माणसांनी सकाळी नऊला सुरू करून संध्याकाळी सातला उभा केला, त्यात एकदाही ड्रॉइंग उघडावं लागलं नाही. काढताना उलट क्रम, पाचरी वेगळ्या पोत्यात, त्यांनाही नंबर. डिस्ट्रिब्युटरना पुढच्या शहरात हेच परत उभारायचं असेल तर खर्चाचं गणित बदलतं, ते त्यांना आत्ताच विचारा.

मला दोन गोष्टी कळवा: हॉलमधे सोडलेली कमाल उंची, आणि मशीनचं वजन व तळाचं माप. म्हणजे गाभा दोन बाय तीन खणांतच बसतो का समोरचा अजून एक खांब काढावा लागेल ते बघून सांगतो.